इंजिनाची पाटी : शिडाच्या नौकांतील जुन्या डिझेल इंजिनांची नावे कशी वाचावीत

१/ पर्किन्स ४.१०७ आणि पर्किन्स ४.१०८. नावात फरक एका अंकाचा. दोन्ही इंजिने इंग्लंडातील एकाच कंपनीची, दोन्हींना चार सिलिंडर, दोन्हींचे बाह्यरूप जवळपास सारखे. तरीही एकाचा सिलिंडर-लायनर दुसऱ्यात चालत नाही. नाव नीट न वाचता सुटे भाग मागवणाऱ्या नौकामालकाचे पैसे जातात आणि बहुधा हंगामही जातो. त्या एका अंकात काय दडले आहे, आणि १९६० ते १९९० या काळातील शिडाच्या नौकांमधील इतर डिझेल इंजिनांच्या नावांत काय दडले आहे, याचा हा धागा.

२/ शिडाच्या नौकेला इंजिन कशासाठी, हा प्रश्न स्वाभाविक आहे. वारा पडतो, ओहोटीचा प्रवाह उलटा लागतो, बंदराचे मुख अरुंद असते. अशा वेळी शीड कामाला येत नाही. दीर्घकाळ हे काम पेट्रोल इंजिनांनी केले. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात ऑशकॉश येथे युनिव्हर्सल कंपनीने १९४७ पासून बनवलेले ‘अटॉमिक फोर’ हे त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. मात्र पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती नौकेच्या तळाशी साचून राहते आणि एक ठिणगी तिला पुरते. डिझेल नेहमीच्या तापमानाला असे पेट घेत नाही. त्यामुळे आकाराने लहान डिझेल इंजिने उपलब्ध होऊ लागताच नौकामालक त्यांच्याकडे वळले.

३/ येथे एक व्यापारी अडचण होती. हौशी नौकांची बाजारपेठ लहान. केवळ त्यांच्यासाठी नवा ब्लॉक ओतणे बहुतेक कारखान्यांना परवडणारे नव्हते. म्हणून व्हॅन, ट्रॅक्टर, जनित्र यांसाठी बनलेले इंजिन घ्यायचे, त्याला खाऱ्या पाण्याचा पंप, पाण्याने थंड होणारी धुराची वाट आणि पुढे-मागे चालणारा गिअरबॉक्स जोडायचा, आणि ते समुद्रावर पाठवायचे, असा प्रघात पडला. पुष्कळदा हे काम मूळ कारखाना करीत नसे. दुसरीच कंपनी करी आणि स्वतःच्या नावाची पाटी लावी. पुढच्या बहुतेक गोंधळाचे मूळ येथे आहे.

४/ आता पर्किन्स. फ्रँक पर्किन्स यांनी १९३२ मध्ये पीटरबरो येथे कंपनी स्थापन केली. आरंभीच्या इंजिनांना प्राण्यांची नावे होती : व्हिक्सन म्हणजे कोल्हीण, वुल्फ म्हणजे लांडगा, लेपर्ड म्हणजे बिबट्या. नावे रुबाबदार, पण त्यांतून यंत्राविषयी काहीच कळत नसे. १९३७ च्या ‘पी६’ मध्ये ६ हा आकडा सिलिंडरांचा आला. (याच पी मालिकेची इंजिने १९५० च्या दशकात चेन्नईच्या सिम्प्सन कंपनीने भारतात बनवण्यास आरंभ केला. आपल्याकडील अनेक मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टरांत सिम्प्सनचे इंजिन असते, ते याच नात्यामुळे.)

५/ त्यानंतर आलेली पद्धत अधिक नेमकी होती. बिंदूच्या आधी सिलिंडरांची संख्या, बिंदूनंतर एकूण घनफळ, तेही घन इंचांत. ४.९९ म्हणजे चार सिलिंडर, ९९ घन इंच. पडताळा कुणालाही घेता येईल : सिलिंडरचा व्यास ३ इंच, पिस्टनची धाव साडेतीन इंच. चार सिलिंडरांचे घनफळ ९८.९६ घन इंच येते. व्यास एक अष्टमांश इंचाने वाढवा, धाव तीच ठेवा, उत्तर १०७.४. हेच ४.१०७.

६/ मग ४.१०८ मध्ये व्यास आणखी वाढला असावा, असा तर्क कुणीही करील. तो तर्क फसतो. ४.१०८ चे घनफळ ४.१०७ च्या जवळपास तेवढेच आहे. वाढलेला आकडा येथे मोजमाप सांगत नाही, रचना बदलल्याची खूण म्हणून येतो. ४.९९ आणि ४.१०७ यांचे लायनर ‘ओले’ होते : पिस्टन ज्या नळीत खालीवर होतो, तिच्या बाहेरच्या अंगाला थंड करणारे पाणी थेट भिडलेले. पाणी खाली उतरू नये म्हणून नळीला रबरी कडी. ४.१०८ मध्ये लायनर ‘कोरडा’ झाला : पातळ बिडाची नळी ब्लॉकच्या भिंतीत घट्ट दाबून बसवलेली, पाणी भिंतीपलीकडे.

७/ नौकेवर या फरकाला फार अर्थ आहे. ओल्या लायनरची कडी वय होऊन गेली, की पाणी तळातल्या तेलात उतरते. तेल दुधाळ होते, बेअरिंगे जातात, आणि हे सारे वाऱ्याविना किनाऱ्याकडे वाहत जाताना घडू शकते. म्हणून ४.१०७ च्या मालकाने तेलाच्या रंगावर डोळा ठेवायचा असतो. ४.१०८ च्या मालकाची ही काळजी पुष्कळ कमी. त्याचे दुखणे वेगळे : मागच्या टोकाशी तेल पाझरण्यासाठी हे इंजिन साऱ्या जगात बदनाम आहे. हलक्या व्हॅनमध्ये थेंबभर तेल रस्त्यावर पडून जाते. नौकेत ते तळाशी साचते आणि पंपाने बंदराच्या पाण्यात जाते.

८/ हेच पर्किन्स अटलांटिक ओलांडून गेले, तेव्हा नाव बदलले. मॅसॅच्युसेट्समधील वेस्टरबेक कंपनीने ४.१०७ ला समुद्री साज चढवून ‘फोर-१०७’ या नावाने विकले. रंग बदलला, पाटी बदलली, आतला ब्लॉक पीटरबरोचाच राहिला. लायनर आणि गॅस्केट पर्किन्सचे चालतात, पण पंप किंवा उष्णता-विनिमयक वेस्टरबेकचाच लागतो. एकाच इंजिनासाठी दोन दुकाने गाठावी लागतात.

९/ अटॉमिक फोरवाल्या युनिव्हर्सलनेही पुढे हाच मार्ग धरला. तिच्या ‘एम-२५’ या डिझेल इंजिनाचा गाभा जपानच्या कुबोटा कंपनीचा, डी८५० नावाचा, तीन सिलिंडरांचा. नंतरच्या ‘एम-२५एक्सपी’ मध्ये कुबोटाचाच मोठा डी९५० आला. म्हणजे ‘एक्सपी’ ही दोन अक्षरे केवळ सजावटीची नव्हेत, ती वेगळा ब्लॉक दाखवतात. हे ठाऊक असलेला मालक कुबोटाच्या ट्रॅक्टर-विक्रेत्याकडे जातो आणि त्याच वस्तूसाठी बहुधा कमी पैसे मोजतो.

१०/ सारेच उसनवारीवर जगले, असे नाही. यानमारची स्थापना मागोकिची यामाओका यांनी १९१२ मध्ये ओसाका येथे केली. शेतकऱ्याला परवडेल असे लहान डिझेल इंजिन या कंपनीने १९३३ मध्ये सिद्ध केले. कंपनीचे नाव चतुर या कीटकाच्या जपानी नावावरून, ‘याम्मा’वरून घडले, चतुर भरपूर दिसले की पीक चांगले येते, अशी तिकडची समजूत. यामाओका या आडनावाशीही ते जुळले.

११/ यानमारचे व्याकरण वरकरणी सोपे आहे. २क्यूएम१५ : दोन सिलिंडर, क्यूएम मालिका, १५ अश्वशक्ती. १९८० च्या दशकातील जीएम मालिकेत मात्र जपून वाचावे लागते. प्रथम आली १जीएम, २जीएम, ३जीएम. मागे आकडा नाही. मग आली १जीएम१०, २जीएम२०, ३जीएम३०. पाहणाऱ्याला वाटते, जुनेच नाव आता पूर्ण लिहिले आहे. प्रत्यक्षात सिलिंडरचा व्यास ७२ वरून ७५ मिलिमीटर झाला आणि प्रत्येक सिलिंडरचे घनफळ २९३ वरून ३१८ घन सेंटिमीटरवर गेले. एकाची पिस्टन-रिंग दुसऱ्याला सैल पडते. शिवाय शेवटच्या आकड्याला अश्वशक्ती समजण्यातही थोडी फसगत आहे : ३जीएम३० ची कमाल शक्ती २७ अश्वशक्ती. जाहिरात करणाऱ्यांना पूर्ण दशक नेहमीच आवडते.

१२/ या मालिकेतील सर्वांत महत्त्वाचे अक्षर शेवटी येते आणि डोळा त्यावरून सहज घसरतो : ‘एफ’. ३जीएम३० मध्ये समुद्राचे पाणी थेट इंजिनाच्या आतून फिरते. ३जीएम३०एफ मध्ये आत गोडे पाणी फिरते आणि समुद्राचे पाणी त्याला बाहेरून थंड करते. खारे पाणी फार तापले की क्षार धातूवर बसतात, म्हणून पहिल्या प्रकारातील थर्मोस्टॅट सुमारे ४२ अंश सेल्सिअसला उघडतो, दुसऱ्यातील सुमारे ७१ अंशांना. अदलाबदल केल्यास दोन्हीकडे हानी. खाऱ्या पाण्याच्या इंजिनात ७१ चा बसवला, तर आतले मार्ग क्षारांनी बुजत जातात. एफ मध्ये ४२ चा बसवला, तर इंजिन कधी पुरेसे तापत नाही आणि इंधन अर्धवट जळते.

१३/ त्यातही एक मेख. अनेक मालकांनी साध्या ३जीएम३० ला नंतर गोड्या पाण्याची जोडणी करून घेतली. पाटीवर एफ नाही, आत मात्र एफ आहे. ताम्रपट खरा असला, तरी त्यातील जमिनीचे पुढे काय झाले हे ताम्रपट सांगत नाही, तसेच हे. पाटी कारखान्याच्या दारापर्यंतची साक्ष देते, पुढच्या चाळीस वर्षांची नाही.

१४/ नामकरणाचा खरा गुंता पाहायचा, तर स्वीडनला जावे लागते. पेंटाचे पहिले इंजिन ‘बी१’ १९०७ चे. १९३५ मध्ये व्होल्वोने पेंटा घेतली. तिच्या डिझेल इंजिनांत ‘एमडी’ म्हणजे समुद्री डिझेल आणि शेवटचे अक्षर म्हणजे सुधारित आवृत्ती. एमडी१बी, एमडी२बी, एमडी३बी : आकडा सिलिंडरांचा. यांच्या जागी पुढे एमडी११सी आणि एमडी१७सी आली. ११ सिलिंडर? नव्हे. दोन आणि तीन सिलिंडर; घनफळ सुमारे १.१ आणि १.७ लिटर, म्हणजे एमडी२बी आणि एमडी३बी एवढेच. यंत्राचा आकार तोच राहिला, मोजण्याची पद्धत बदलली.

१५/ पुढच्या मालिकेत पुन्हा पलटी. २००१, २००२, २००३ : शेवटचा आकडा सिलिंडरांचा. त्यानंतर २०१०, २०२०, २०३०, २०४०. येथे शेवटचे दोन आकडे साधारणपणे अश्वशक्ती दाखवतात. म्हणून २००२ आणि २०१० या दोघांनाही दोनच सिलिंडर, तर २०२०, २०३० आणि २०४० या तिघांनाही तीन. ही इंजिने एकमेकांपुढची पायरी आहेत असे समजून २००३ चे सुटे भाग २०३० ला मागवणारे कमी नसतात. प्रत्यक्षात २००० ची पहिली पिढी व्होल्वोची स्वतःची होती. दुसऱ्या पिढीचा गाभा पर्किन्सच्या १०० मालिकेचा होता, आणि तो ब्लॉक घडत होता जपानमध्ये, शिबाउराच्या कारखान्यात. पाटी स्वीडनची, मधले नाव इंग्लंडचे, ओतीव काम जपानचे.

१६/ जुनी नौका विकत घेणारा जाणकार म्हणूनच पाटी वाचून थांबत नाही. रंगावर तर तो विश्वासच ठेवत नाही. पर्किन्सचा निळा, वेस्टरबेकचा लाल, व्होल्वोचा हिरवा, हे सारे ब्रशने बदलतात. तो आधी सिलिंडर मोजतो, मग उष्णता-विनिमयक आहे की नाही ते पाहतो, आणि अखेरीस टॉर्च घेऊन ब्लॉकच्या अंगावर ठोकलेला क्रमांक शोधतो. तो गंजाखाली असतो, बहुधा सर्वांत गैरसोयीच्या बाजूला, तारेच्या ब्रशने घासल्यावर दिसू लागतो. सुट्या भागांच्या दुकानात आधी तोच विचारतात.