ध्रुववर्ष आणि त्याचे आश्रयदाते

उत्तर ध्रुवाचे नाव निघाले की मराठी वाचकास प्रथम आठवण होते ती लोकमान्य टिळकांच्या १९०३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आर्क्टिक होम इन द वेदाज’ या ग्रंथाची. त्या ग्रंथातील सिद्धान्त आजच्या विद्वानांस मान्य नाही, आणि तो जुना वाद येथे उकरून काढण्याचे आम्हांस प्रयोजनही नाही. लोकमान्य वेदांतील उषासूक्तांवरून ध्रुवप्रदेशाच्या दीर्घ प्रभातीचे अनुमान बांधीत होते, त्याच्या वीस वर्षे आधी काही युरोपीय व अमेरिकन मंडळी त्या प्रदेशात प्रत्यक्ष मुक्काम ठोकून दर तासाला तापमापक आणि चुंबकसूची वाचीत बसली होती. निरनिराळ्या राष्ट्रांचे शास्त्रज्ञ या कामासाठी प्रथम एकत्र कसे बसले आणि त्यांच्या ठरावांस पैसा कोठून मिळाला, ती हकीकत आम्ही सांगणार आहो. शास्त्राच्या इतिहासात शोधांची वर्णने विपुल असतात. त्यांचा खर्च कोणी सोसला हे बहुधा आभारप्रदर्शनाच्या चार ओळींत आटोपते. या प्रकरणात मात्र जमाखर्चाची वही बंद ठेवली, तर कथाच कळावयाची नाही.

कथेचा नायक कार्ल वायप्रेख्त. हा जन्माने जर्मन (१८३८) आणि नोकरीने ऑस्ट्रिया-हंगेरीच्या आरमारातील अधिकारी. १८७२ साली युलियस पायर या सहकाऱ्यासह तो ‘टेगेटहोफ’ जहाज घेऊन उत्तरेकडे निघाला. सफरीच्या खर्चाचा मोठा भार काउंट विल्चेक या गर्भश्रीमंत सरदाराने उचलला होता, आणि लोकांकडूनही वर्गणी जमली होती. ऑगस्ट महिन्यात नोवाया झेम्ल्या बेटांजवळ जहाज बर्फात रुतले ते कायमचेच. पुढे वर्षभर बर्फ नेईल तिकडे ते जात राहिले, आणि ३० ऑगस्ट १८७३ रोजी समोर एक अज्ञात भूमी दिसू लागली. बादशहाच्या नावावरून तिचे ‘फ्रान्झ योसेफ भूमी’ असे बारसे झाले. ही भूमी त्यांनी शोधिली असे जगाने मानले. पण खरे पाहता बर्फानेच त्यांस तेथे नेऊन उभे केले होते. २० मे १८७४ रोजी जहाज सोडून, होड्या बर्फावरून ओढीत, ही मंडळी दक्षिणेकडे निघाली. दोन महिने ओढूनही ती जहाजापासून जेमतेम पंधरा किलोमीटर दूर गेली होती, कारण पायांखालचा बर्फच वाऱ्याने उलट उत्तरेकडे सरकत होता! शेवटी मोकळे पाणी लागले, एका रशियन मासेमारी जहाजाने त्यांस उचलून घेतले, आणि सप्टेंबरात व्हिएन्ना शहराने त्यांचे असे स्वागत केले की जणू एखादे सैन्यच विजय मिळवून परतले आहे.

असा जयघोष कानांवर पडला असता सामान्य मनुष्य दुसऱ्या सफरीची तयारी करू लागला असता. वायप्रेख्ताने उलट केले. १८७५ साली ग्राट्स येथे जर्मन निसर्गशास्त्रज्ञ व वैद्य यांच्या संमेलनात भाषण करून त्याने आपण स्वतः जे केले त्याच्याच पद्धतीवर टीकेचे शस्त्र चालविले. त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ असा: आजवरच्या ध्रुवीय सफरी म्हणजे राष्ट्राराष्ट्रांमधील शर्यत झाली आहे. नकाशावर नवे बेट काढणे आणि त्याला राजाचे नाव देणे यांत सगळी शक्ती खर्च होते, आणि वारा, उष्णता, भूचुंबकत्व, ध्रुवप्रकाश यांचा अभ्यास फावल्या वेळी उरकण्यात येतो. एका ठिकाणी एका वर्षी केलेले निरीक्षण, त्याच क्षणी दुसऱ्या ठिकाणी केलेल्या निरीक्षणाशी ताडून पाहता आले नाही, तर शास्त्राला त्याचा उपयोग फार थोडा. ध्रुवबिंदूला भूगोलात कितीही मान असो, शास्त्राच्या दृष्टीने आसपासच्या कोणत्याही ठिकाणाहून त्याची किंमत अधिक नाही. म्हणून राष्ट्रांनी ध्रुवाभोवती कडे करून ठाणी वसवावीत, आणि वर्षभर एकाच वेळी, एकाच पद्धतीने, सारख्याच उपकरणांनी मोजमापे घ्यावीत.

शास्त्रज्ञांस ही गोष्ट पटावयास वेळ लागला नाही. १८७९ च्या एप्रिलात रोम येथील आंतरराष्ट्रीय हवामान परिषदेने तिला पाठिंबा दिला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबराच्या प्रारंभी हँबुर्ग येथे पहिली ध्रुव परिषद भरून जर्मनीचा नॉयमायर तिचा अध्यक्ष झाला. पण तेथे जमलेली बहुतेक मंडळी वेधशाळांची चालक होती. तिजोरीच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला नव्हत्या. कोणती उपकरणे वापरावीत, दिवसातून किती वेळा वाचन घ्यावे, याविषयी त्यांचे एकमत चटकन झाले. आपले सरकार एक ठाणे खास उभारील, असे छातीवर हात ठेवून सांगणारे मात्र थोडेच निघाले. निदान आठ ठाणी झाल्याशिवाय योजनेस अर्थ नाही, असा ठराव करून सभासद घरोघर गेले. पुढच्या वर्षी बर्न येथे पुन्हा बैठक झाली तेव्हा आठांचा आकडा भरला नव्हता, म्हणून आरंभ एक वर्ष पुढे ढकलावा लागला. अध्यक्षपद आता सेंट पीटर्सबर्गच्या हाइन्रिख विल्डकडे आले. वायप्रेख्तास क्षयाने घेरले होते. २९ मार्च १८८१ रोजी, वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी, तो मरण पावला, आणि त्यानंतर थोड्याच आठवड्यांत आठ ठाण्यांची हमी मिळाल्याचे विल्डने जाहीर केले. सरकारी मंजुरीला थोडी अधिक घाई असती, तर हे वर्तमान त्या मनुष्याच्या कानी पडले असते, अशी हळहळ वाटल्यावाचून राहत नाही.

ऑगस्ट १८८२ पासून ऑगस्ट १८८३ पर्यंतचे वर्ष हे पहिले आंतरराष्ट्रीय ध्रुववर्ष होय. एकंदर चौदा ठाणी झाली; बारा उत्तरेकडे, आणि दोन दक्षिणेकडे, केप हॉर्न व साउथ जॉर्जिया येथे. प्रत्येक ठाण्यावर दर तासाला वाचन चाले. महिन्याच्या पहिल्या व पंधराव्या तारखेस तर चुंबकसूची दर पाच मिनिटांनी पाहावयाची, आणि त्यातला एक तास दर वीस सेकंदांनी; सगळीकडे घड्याळ गॉटिंगेनचे. कंदिलाच्या उजेडात, श्वासाची वाफ उपकरणावर गोठत असता, हे काम चार-चार महिन्यांच्या रात्रीत करणे किती कंटाळवाणे असेल याची कल्पना घरबसल्या येणार नाही. डच मंडळींचे ‘वार्ना’ जहाज तर कारा समुद्रात बर्फात अडकून पुढे बुडाले. त्यांना आपले ठाणे कधी दिसलेच नाही, तरी अडकलेल्या अवस्थेतही त्यांनी निरीक्षणे चालू ठेविली.

या चौदांपैकी सगळी ठाणी सरकारी पैशावर उभी नव्हती. ऑस्ट्रियाचे यान मायेन बेटावरील ठाणे विल्चेक सरदाराने स्वतःच्या खर्चाने चालविले. गेलेल्या मित्राचा शब्द त्याने असा पाळला. स्पिट्सबर्गेन बेटावरील स्वीडिश ठाण्यास पैसा दिला तो एल. ओ. स्मिथ या मद्याच्या व्यापाऱ्याने. आपल्याकडील दारूबंदीच्या पुरस्कर्त्यांस हे वाचून खेद वाटेल, परंतु हवामानशास्त्राने तो पैसा नाकारला नाही, आणि त्या ठाण्यात जे घडले ते पाहता नाकारला नाही हे बरेच झाले असे आम्हांस वाटते.

त्या ठाण्याचा प्रमुख निल्स एकहोल्म हा होता आणि त्याच्या हाताखाली आंद्रे नावाचा एक तरुण इंजिनियर वातावरणातील विजेचे मापन करी. एकाच झोपडीत एक हिवाळा काढलेल्या या दोघांच्या वाटा पुढे कशा फाकल्या ते पाहण्यासारखे आहे. आंद्रेच्या मनाने ध्रुवबिंदू घेतला. बलूनमधून उडत ध्रुवावर जाण्याची त्याची कल्पना प्रसिद्ध होताच आल्फ्रेड नोबेल पुढे आला, खुद्द स्वीडनचा राजा ऑस्कर पुढे आला, बॅरन डिक्सन पुढे आला. ज्या कामाला हँबुर्ग आणि बर्न येथे दमडी दमडी करून आश्वासने गोळा करावी लागली, त्या कामाच्या मानाने या उड्डाणाला पैसा चटकन मिळाला. १८९६ च्या पहिल्या प्रयत्नात एकहोल्मही आंद्रेबरोबर होता. पण बलूनमधून वायू किती गळतो हे त्याने मोजून पाहिले, हिशेब जमत नाही असे सांगितले आणि तो बाजूला झाला. ११ जुलै १८९७ रोजी आंद्रे दोन सोबत्यांसह उडाला. तिसऱ्या दिवशी बलून बर्फावर उतरले, आणि तिघांचे अवशेष १९३० साली एका ओसाड बेटावर सापडले. एकहोल्म मोजमापाच्या कामीच राहिला. त्याचा मित्र आर्हेनियस याने १८९६ साली हवेतील कार्बोनिक आम्लवायू व पृथ्वीची उष्णता यांचा संबंध गणिताने मांडला होता. १९०१ साली एकहोल्माने लिहिले की मनुष्य जाळीत असलेल्या दगडी कोळशामुळे पृथ्वीचे हवामान पुढेमागे अधिक उष्ण होईल. थंड देशात राहणाऱ्या त्याला ही गोष्ट इष्टच वाटली, हा भाग निराळा. राजाने आणि नोबेलने ज्याला द्रव्य दिले त्याचे नाव स्वीडनमध्ये घरोघर झाले; एकहोल्माचे नाव हवामानशास्त्राच्या अभ्यासकांबाहेर कोणी घेत नाही.

अमेरिकेच्या ठाण्याची कथा याहून दारुण आहे. लेडी फ्रँकलिन उपसागरावर ग्रीली या सैनिकी अधिकाऱ्याच्या हाताखाली पंचवीस माणसे १८८१ सालीच जाऊन बसली होती. त्यांनी निरीक्षणे चोख केली, परंतु शर्यतीचा मोह त्यांनाही सुटला नाही. मे १८८२ मध्ये त्यांतील लॉकवुड ८३ अंश २४ कलांपर्यंत पोहोचून इंग्रजांचा जुना विक्रम मोडून आला. १८८२ चे मदतीचे जहाज पोहोचू शकले नाही. १८८३ चे बर्फात चिरडून बुडाले. ग्रीली दक्षिणेस केप सबाइनपर्यंत मागे हटला आणि तेथे उपासमारीत हिवाळा गेला. २२ जून १८८४ रोजी सुटका करणारे आले तेव्हा सात जण श्वास घेत होते; त्यातलाही एक वाटेत गेला, सहाच घरी आले. मेलेल्यांत लॉकवुड होता. तरीही निरीक्षणांच्या वह्या आणि गुरुत्व मोजण्याचा जड लंबक या मंडळींनी माघारीत टाकून दिला नव्हता.

एवढ्या कष्टाने जमविलेल्या आकड्यांचे पुढे काय झाले? येथे आमच्या मते सगळ्या प्रकरणातील खरी चूक आहे. ठाणी उभारण्यास पैसा मिळाला, जहाजे पाठविण्यास मिळाला. सर्वांची निरीक्षणे एकत्र मांडून त्यांचा अर्थ लावण्यास मात्र कोणीच तरतूद केली नव्हती. प्रत्येक देशाने आपापले खंड आपापल्या भाषेत छापले, १८९१ साली ध्रुव आयोगच विसर्जित झाला आणि ते जाडजूड ग्रंथ ग्रंथालयांच्या कपाटांत धूळ खात पडले. एकाच वेळी केलेली निरीक्षणे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत हाच वायप्रेख्ताचा सारा आग्रह होता, आणि नेमके तेवढेच झाले नाही. २००६ साली वुड व ओव्हरलँड या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी हे जुने आकडे बाहेर काढून एकत्र तपासले आणि त्या वर्षीच्या ध्रुवीय हवामानाचे चित्र उभे केले. म्हणजे वाचन संपल्यापासून उत्तर मिळावयास सव्वाशे वर्षे लागली.

दुसरे ध्रुववर्ष १९३२-३३ मध्ये, जागतिक मंदीच्या ऐन भरात आले. ते पुढे ढकलावे असे म्हणणारे होतेच. तरी डेन्मार्कच्या ला कूरच्या चिकाटीने ते पार पडले, आणि उपकरणांसाठी रॉकफेलर प्रतिष्ठानाने ४०,००० डॉलर दिले. पुढे महायुद्धाने त्याच्या निष्कर्षांचेही वाटोळे केले. या दोन अनुभवांनी शहाणपण आले म्हणून १९५७-५८ च्या भूभौतिक वर्षी आकडे साठवून सर्वांस खुले ठेवणारी जागतिक केंद्रे प्रथमपासूनच योजिली गेली. त्याच वर्षाच्या पैशातून मार्च १९५८ मध्ये चार्ल्स कीलिंगने हवाई बेटातील मौना लोआ पर्वतावर हवेतील कार्बन डायऑक्साइडचे सतत मापन सुरू केले. आज हवामानबदलाविषयी जे काही बोलले जाते त्याचा पाया ही मापनाची रेषा आहे. तिच्यात १९६४ साली एक खंड दिसतो. तेव्हा ज्वालामुखी भडकला नव्हता की युद्ध झाले नव्हते. अनुदान कापले गेले होते.

या कथेत आपला देश उशिरा येतो. स्पिट्सबर्गेनच्या न्यू-ऑलेसुन या पूर्वीच्या कोळशाच्या खाणीच्या गावात, २००७-०८ च्या ध्रुववर्षाच्या काळातच, भारताने ‘हिमाद्री’ हे ठाणे उघडले. १९६२ सालच्या अपघातात एकवीस कामगार दगावल्यावर जेथील खाण बंद पडली, तेथेच आता अनेक देशांचे शास्त्रज्ञ हवा मोजतात. आपल्या या कामाचे सूत्रचालन होते ते गोव्यात वास्कोच्या टेकडीवर असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून. २०१४ साली तेथील फ्योर्डच्या पाण्यात भारताने कायमची निरीक्षणयंत्रणा सोडली, आणि डिसेंबर २०२३ पासून हिवाळ्याच्या अंधारातही माणसे पाठविण्यास आरंभ केला. उन्हाळ्यात जाऊन छायाचित्रे घेऊन येण्याहून हे काम अवघड व खर्चाचे आहे, आणि म्हणूनच आम्हांस ते अधिक मोलाचे वाटते.

मार्च २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर आर्क्टिक परिषदेच्या इतर सात सदस्य राष्ट्रांनी रशियाबरोबरचे काम थांबविले. आर्क्टिकच्या किनाऱ्याचा निम्म्याहून अधिक भाग रशियाचा आहे. त्यामागील राजकीय न्यायअन्याय कसाही असो, वायप्रेख्ताला हवे होते ते कडे तेव्हापासून एका बाजूने तुटले आहे, आणि न घेतलेले वाचन मागाहून घेता येत नाही. पुढील, म्हणजे पाचवे, ध्रुववर्ष २०३२-३३ साली करण्याची तयारी चालू आहे. ठाणी कोण उभारील हा प्रश्न तेथे चर्चेस येईलच. मागाहून आकडे जुळविण्यासाठी पैसा कोण देईल, हा प्रश्न कोणीतरी पहिल्याच बैठकीत विचारावा.