दोर सुटले, रेझिन आलं

माझी सगळी नोकरी रेझिन विकण्यात गेली. गाव मालवण, शिक्षण कोल्हापूरला रसायनशास्त्राचं, आणि १९८३ पासून मुक्काम मद्रास. पट्टिनपाक्कमच्या किनाऱ्यावर फिरायला गेलं की लोक लाटा बघतात. माझी नजर उलट्या घातलेल्या होड्यांच्या बुडांवर जाते. ठिगळ कुठे आहे, कडा नीट घासल्या होत्या का, रेझिन काचतंतूच्या मॅटमध्ये मुरलंय की वरवर लिंपलंय. धंद्याची खोड, जात नाही.

मालवणात माझ्या लहानपणी होडी गळू लागली की सुताराला बोलावणं जायचं. तो फळ्यांच्या फटींत कापूस ठोकायचा, वर राळ आणि तेल चढायचं. होडीचा मालक तेव्हा शेजारी उभा राहून विडी ओढायचा. मद्रासला आल्यावर हे चित्रच पालटलं. इथला कोळी होडी स्वतः दुरुस्त करत होता, आणि तेही पिढ्यान्‌पिढ्या. याचं कारण शोधायला गेलो तर ते समुद्रात सापडलं.

हा किनारा सरळसोट. मालवणसारखी खडकांची आडोशाची जागा नाही, वेंगुर्ल्यासारखी टेकाडाआडची वाकण नाही. लाट थेट वाळूवर येऊन फुटते. इंग्रजांनी १६४० च्या सुमारास इथे किल्ला बांधला, पण त्यांची जहाजं पुढची दोनशेहून जास्त वर्षं दूर खोल पाण्यातच नांगरून राहिली. माणसं आणि माल किनाऱ्याला आणायच्या त्या मसुला होड्या. त्यांना खिळा म्हणून नव्हता. फळ्या काथ्यानं एकमेकींना शिवलेल्या. लाट आदळली की अख्खी होडी लवायची. खिळ्यांची असती तर फुटली असती. १८६१ मध्ये लोखंडी धक्का झाला, १८७५ मध्ये बंदराची पायाभरणी झाली, आणि १८८१ च्या वादळानं ते बंदर बरंचसं मोडून टाकलं. बंदराला आजचं रूप आलं ते १९०४ नंतर, सर फ्रान्सिस स्प्रिंग यांच्या हातून. पण बंदर जहाजांसाठी. कोळ्याची होडी वाळूवरूनच सुटत राहिली आणि वाळूवरच परतत राहिली.

त्याची होडी म्हणजे कट्टुमरम. हलक्या लाकडाचे ओंडके दोरानं आवळलेले. पाणी वरून आलं तर फटींतून खाली जातं, त्यामुळे बुडायचा प्रश्नच नाही. मासेमारी करून आलं की दोर सोडायचे, ओंडके वेगळे करून वाळत टाकायचे, पहाटे पुन्हा बांधायचे. एखादा ओंडका कुजला तर तेवढाच बदलायचा. म्हणजे डागडुजी हे वेगळं कामच नव्हतं. रोज होडी सोडणं आणि बांधणं यातच ती होऊन जायची. त्यासाठी सुतार कशाला हवा? माझ्या मते पुढे फायबर इतक्या लवकर या लोकांच्या हातात बसलं त्याचं मूळ इथे आहे. हत्यार बदललं, पण आपल्या होडीला आपणच हात लावायचा ही सवय जुनीच होती.

मग लाकूड महागलं. जाड सरळ ओंडके मिळेनात. ऐंशीच्या दशकात लहान इंजिनं आली, आणि ओंडक्यांच्या बाजूला इंजिन अडकवणं हा काही सुखाचा मामला नव्हता. याच काळात, १९७९ पासून, मद्रासला ‘बे ऑफ बेंगाल प्रोग्राम’चं कार्यालय होतं, अन्न आणि कृषी संघटनेचा उपक्रम, पैसा स्वीडनचा. लाटा ओलांडून वाळूवर चढू शकेल अशी नवी होडी बनवणं हे त्यांच्या कामांपैकी एक. त्यांच्या काही नमुन्यांत काचतंतू आणि रेझिन होतं. तिकडे कन्याकुमारी जिल्ह्यातल्या मुट्टमला पिएर जिले हे बेल्जियन धर्मगुरू प्लायवूडच्या होड्या बनवत होते. त्यांत प्लायचे तुकडे आधी तारेनं शिवायचे आणि मग शिवणीवर काचतंतूची पट्टी रेझिननं चिकटवायची. मसुलाची शिवण असं नवं रूप घेऊन पुन्हा किनाऱ्यावर आली, हे मला फार आवडतं. अमेरिकेत रे ग्रीन यांनी १९४२ मध्येच पॉलिएस्टर रेझिनची होडी बनवली होती. आमच्या किनाऱ्याला ती पोचायला चाळीस-पन्नास वर्षं लागली. आली ती मात्र राहायलाच. लोकांनी तिला ‘मारुती’ म्हणायला सुरुवात केली. तेव्हा जे काही नवं, हलकं आणि वेगवान असेल त्याला तेच नाव मिळायचं.

काशिमेडूच्या मासळी बंदराबाजूच्या दुकानांत रेझिन किलोवर मिळू लागलं, मॅटही किलोवर. आणि मला पहिल्यांदा माझ्या मालाचं खरं गिऱ्हाईक भेटलं. कारखान्यातला साहेब तांत्रिक पत्रक मागायचा. हा कोळी विचारायचा, “सार, किलोला किती झाकणं?”

प्रश्न अचूक होता. पॉलिएस्टर रेझिनमध्ये आधी कोबाल्ट नीट ढवळायचं, मग कॅटॅलिस्ट घालायचा. कोबाल्ट आणि कॅटॅलिस्ट थेट एकत्र आले तर भडका उडतो, म्हणून दोन्ही बाटल्या एका पिशवीत नेऊ नका, हे मी प्रत्येकाला सांगत सुटायचो. कॅटॅलिस्टचं प्रमाण शेकडा एक ते दोन. तापमान दहा अंशांनी चढलं की रेझिन धरायचा वेळ जवळपास निम्मा होतो. कत्तिरीच्या उन्हात, मे महिन्यात, ब्रश मगातच दगड होतो. तेव्हा कॅटॅलिस्टच्या बाटलीच्या झाकणानं मोजून ठरलं : मार्गळीच्या थंडीत तीन, मे महिन्यात दोन, आणि काम सकाळी नऊच्या आत. माझ्या कंपनीच्या कुठल्याही पत्रकापेक्षा हे जास्त चाललं.

ठिगळाचा खरा जीव घासण्यात आहे. जुनं रेझिन पूर्ण पिकलेलं असतं; नवं त्याच्याशी रासायनिक नातं जवळजवळ जोडत नाही, फक्त खरखरीत पृष्ठभागाला पकडून बसतं. म्हणून भोकाच्या कडा उतरत्या घासायच्या, जाडीच्या बारापट लांब. होडी पाच मिलीमीटर जाड असेल तर भोकाभोवती सहा सेंटीमीटर उतार. कोळ्याला हे पटवणं कठीण, कारण एवढंसं भोक आणि त्यासाठी ताटाएवढी होडी खरवडायची! त्याआधी गोड्या पाण्यानं मीठ धुवायचं आणि नीट वाळू द्यायचं. मग मॅट. मॅटमधले तुकडे ज्या डिंकानं धरलेले असतात तो रेझिनमध्ये विरघळतो, मॅट लुळी पडते आणि होडीच्या बाकाला बिलगते. ब्रश ओढायचा नाही, टोचायचा. ओढला की तंतू मागे येतात. मोठा तुकडा आधी की लहान आधी, यावर मिस्त्रींत अजून भांडण आहे. मी मोठ्याच्या बाजूचा, कारण तो सगळ्या घासलेल्या भागाला थेट धरतो. इपॉक्सी जास्त घट्ट बसतं हे खरं, पण त्याचा भाव ऐकून कोळी हसतो.

ओंडक्याच्या आकाराचे फायबरची नळकांडी करून आत थर्मोकोल भरलेली कट्टुमरमंही निघाली. ती मला कधी आवडली नाहीत. वरून चीर दिसत नाही, आत पाणी शिरतं, होडी दर महिन्याला जड होत जाते आणि मालक इंजिनाला शिव्या देतो.

२६ डिसेंबर २००४ ची सकाळ. त्सुनामीत तमिळनाडूतली सुमारे आठ हजार माणसं गेली, सर्वांत जास्त नागपट्टिनम जिल्ह्यात. चेन्नईतही नोच्चिकुप्पम, श्रीनिवासपुरम, पट्टिनपाक्कम इथली घरं आणि होड्या वाहून गेल्या. त्यानंतर मदतीचा पूर आला, आणि मदत म्हणजे फायबरची होडी असं जणू ठरूनच गेलं. फोटोला बरी दिसते, आकडा मोजता येतो. किनाऱ्यावर रातोरात शेड उभ्या राहिल्या. रेझिनला इतकी मागणी मी त्याआधी पाहिली नव्हती, नंतरही नाही. पण त्यातल्या कित्येक होड्या नुसत्या मॅटच्या, विणलेलं रोव्हिंग नाही, साच्यातून घाईनं ओढलेल्या. हाताच्या अंगठ्यानं बूड दाबलं तर लवायचं. देणारे निघून गेले आणि त्या पातळ होड्यांना थरावर थर चढवत बसायचं काम घेणाऱ्यांच्या अंगावर आलं. किनाऱ्यावरचे आजचे चांगले कारागीर त्या पाच-सहा वर्षांत तयार झाले. वाईट होड्यांनी घेतलेली ही शिकवणी.

डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग वादळाच्या पुरात एन्नोरच्या खाडीत तेल पसरलं. होड्या आणि जाळी काळी झाली. एकजण ग्राइंडर घेऊन तयारच होता, त्याला थांबवलं. तेलावर घासलं की ते रंध्रांत आणखी खोल जातं आणि मग कुठलंच रेझिन धरत नाही. आधी साबण, मग अ‍ॅसिटोन, कापड दर वेळी नवं, आणि त्यानंतरच घासणं. पण तेवढ्या अ‍ॅसिटोनचे पैसे कोण देणार, हा त्याचा प्रश्न माझ्या रसायनशास्त्राबाहेरचा होता.

जुना ओंडका शेवटी चुलीत जायचा. फायबर कुजत नाही, धड जळत नाही, भंगारवाला हात लावत नाही. पट्टिनपाक्कमच्या एका पोरानं आपल्या बापाच्या निकामी होडीला मात्र काम शोधलं. ती उलटी घालून, घासून, मेणपॉलिश लावून त्यानं तिच्यावरून साचा काढला. बापानं कधीतरी उजव्या कुशीवर मारलेल्या ठिगळाचा फुगवटा साच्यातही उतरला. आता त्या साच्यातून निघणारी प्रत्येक कोरी होडी न झालेल्या जखमेचं टेंगूळ घेऊनच येते. मी म्हटलं, तंबी, साच्यात तेवढं भरून घे, अर्ध्या तासाचं काम. तो म्हणाला, “नको सार. गिऱ्हाईक तेच बघून मागतंय. त्या होडीला मासे फार लागायचे.”