घोरणं थांबतं तेव्हा

घरातलं कुणी दुपारी बसल्या बसल्या पेंगायला लागलं, की आपण त्याला कुंभकर्ण म्हणून मोकळे होतो. रात्री तो घोरतो, तेव्हा ‘काय गाढ झोप लागलीय!’ असंही म्हणतो. मंडळी, हा गैरसमज काही आपल्याकडचाच नव्हे. चार्ल्स डिकन्सची ‘पिकविक पेपर्स’ ही कादंबरी १८३६-३७ मध्ये हप्त्याहप्त्यानं छापली गेली. तिच्यात ज्यो नावाचा एक लठ्ठ नोकर-पोरगा आहे. दारावर थाप मारून उभ्या उभ्यादेखील तो झोपी जातो. वाचक पिढ्यान्‌पिढ्या त्याला हसत आले.

पुढं डॉक्टरांनी एका आजाराला याच कादंबरीचं नाव दिलं. १९५६ मध्ये अमेरिकेतल्या सिडनी बरवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५१ वर्षांच्या एका व्यावसायिकाची हकिकत प्रसिद्ध केली. गृहस्थांचं वजन १२० किलोच्या आसपास. एका रात्री पत्ते खेळताना त्यांच्या हातात तीन एक्के आणि दोन राजे आले. पोकरमध्ये असं पान नशिबानंच येतं. पण हे महाशय पानं हातात धरून झोपून गेले! डाव गेला, तेव्हा कुठं ते इस्पितळात दाखल झाले.

बरवेल यांचं निदान असं, की चरबीमुळे श्वास उथळ होतो, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि माणूस पेंगतो. असा आजार खरोखरच असतो. पण त्या पेंगण्याचं कोडं त्यानं पुरतं सुटत नव्हतं. गंमत पाहा, झोपेच्या रोग्याची तपासणी चालली होती ती त्याला जागं ठेवून.

१९६५ मध्ये जर्मनीत फ्रायबुर्गला युंग व कुहलो यांनी आणि फ्रान्समध्ये मार्सेलला गास्तो व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रोग्यांना रात्रभर यंत्राला जोडून झोपवलं. मेंदूच्या लहरींबरोबर श्वासाचीही नोंद घेतली. छाती-पोट हलतंय, धडपडतंय, पण नाकातोंडातून हवाच जात नाही, असं कागदावर उमटलं. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागं सरते, वाट बंद होते. रक्तातला प्राणवायू उतरतो. मेंदू क्षणभर जागा होतो, मोठ्ठा घुरका येतो, श्वास सुरू होतो आणि पुन्हा झोप. काहींच्या बाबतीत हे रात्रीतून शेकडो वेळा घडतं आणि सकाळी त्यांना त्यातलं काही आठवत नाही. शेजारी झोपणाऱ्या बायकोला मात्र ती मधली शांतता पाठ असते. ‘आता घेतील श्वास, आता घेतील’ म्हणत ती अंधारात उठून बसते. तिला आधी कुणी विचारलंच नव्हतं.

इटलीत बोलोन्याला लुगारेझी यांनी दाखवलं, की श्वास अडला की रक्तदाबही उसळतो. अमेरिकेत स्टॅनफर्डला गिलेमिनो यांनी १९७०च्या दशकात ‘स्लीप अ‍ॅप्निया’ हे नाव रुळवलं. दहा सेकंद वा अधिक श्वास थांबणं ही त्यांची मोजपट्टी. लठ्ठ नसलेल्यांनाही हे होतं, हेही त्यांनी सांगितलं.

कारण कळलं, उपाय मात्र भयंकर होता. गळ्याला भोक पाडून नळी बसवायची, दिवसा बूच लावायचं, रात्री काढायचं. गुण हमखास, पण जन्मभर गळ्यात ती नळी! सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांच्याकडे १९८० मध्ये आलेला एक रोगी याला तयार होईना. सलिव्हन यांनी मोटरनं दाबाखाली हवा त्याच्या नाकात सोडली. हवेच्याच टेकूनं घसा उघडा राहिला आणि तो माणूस रात्रभर शांत झोपला. १९८१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये पाच रोग्यांचा वृत्तान्त आला. सुरुवातीची यंत्रं व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरवर चालत आणि मुखवटा रोज रात्री नाकाला चिकटवावा लागे. आजचं सीपॅप हे त्याचंच सुधारलेलं रूप.

पुढं विस्कॉन्सिनमधल्या दीर्घ पाहणीनं २००० मध्ये उच्च रक्तदाबाशी याचं नातं पक्कं केलं. गाडी चालवताना लागणाऱ्या डुलकीचा धोका तर उघडच आहे. मात्र यंत्र लावलं की हृदयविकार टळतो, एवढं हे सोपं नाही. २०१६च्या एका मोठ्या चाचणीत पेंग कमी झाली, झटके कमी झाले नाहीत. त्यात रोगी रात्री सरासरी साडेतीन तासही यंत्र लावत नव्हते, हेही खरं. २०२४ मध्ये अमेरिकेत लठ्ठ रोग्यांसाठी वजन उतरवणाऱ्या टिर्झेपटाइडला मान्यता मिळाली. म्हणजे बरवेल यांची चरबी पुन्हा चर्चेत आली!

आपल्याकडची आकडेवारी मुंबईतून आली. २००४ मध्ये डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या २५० पुरुषांची झोप त्यांच्या घरीच रात्रभर नोंदली. १९.५ टक्क्यांचा श्वास झोपेत बिघडत होता, ७.५ टक्क्यांना त्याबरोबर दिवसाची पेंगही होती. यातलं कुणी झोपेची तक्रार घेऊन आलं नव्हतं. सगळे इस्पितळात नेहमीच्या आरोग्य-तपासणीसाठी आले होते.