बंब, गीझर आणि न वटलेला चेक

इतिहास लिहिणाऱ्या मंडळींनी आंघोळीच्या गरम पाण्यावर फार मोठा अन्याय केला आहे. कोणत्या राजाने कोणता किल्ला कधी घेतला, तहात काय कबूल केलं आणि काय बुडवलं, हे आम्ही शाळेत कान पिळून घेत पाठ केलं. पण किल्ला सर झाल्यावर राजेसाहेबांच्या आंघोळीचं पाणी कुणी तापवलं, आणि ऐन वेळी चुलाणं विझलं तेव्हा त्या इसमाचं पुढे काय झालं, याबद्दल बखरकार अवाक्षर काढत नाहीत. वास्तविक माणसाचा खरा स्वभाव रणांगणावर कळत नाही. अंगाला साबण लागलेला असताना पाणी गार पडलं, की कळतो.

मी पडलो बँकेतला कारकून, शिक्षण बी. कॉम. तेव्हा इतिहास आणि रसायनशास्त्र हे दोन्ही प्रांत माझे नव्हेत. पण कारकुनाला एक खोड असते. कुठलीही नोंद दिसली की ती मागे मागे नेत पहिल्या पानापर्यंत जायचं. आमच्या गीझरच्या बाबतीत मी तेच केलं आणि पोचलो थेट बंबापर्यंत.

कोकणातल्या आमच्या आजोळी तांब्याचा बंब होता. मधोमध नळकांडं, त्यात विस्तव, भोवती पाणी आणि खाली पितळी तोटी. बंबफोड, नारळाची सोडणं, करवंट्या, जे मिळेल ते त्याच्या पोटात जाई. त्याचा हिशेब मात्र चोख होता. वरून गार पाण्याची कळशी ओतावी, तेव्हा तोटीतून तेवढं कढत पाणी यायचं. आधी जमा, मग खर्च! हे तत्त्व मी पुढे बँकेत शिकलो असं लोक समजतात, पण शिकवलं ते बंबाने.

बंबाचा दुसरा गुण म्हणजे त्याचा धूर. तो डोळ्यांत जायचा, नाकात जायचा, आणि कुणी शेजारी रेंगाळलं तर त्याला खोकत परसात पळवायचा. त्या वेळी आम्ही त्याला शिव्या घालत असू. वास्तविक ती बंबाची सूचना होती, की बाबा रे, इथली हवा आता तुझ्या कामाची राहिलेली नाही. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे लागणार आहे.

आता आजोळाहून लंडनला जायचं. १८६८ साली तिथे बेंजामिन मॉन नावाच्या, धंद्याने रंगारी असलेल्या गृहस्थाने गॅसवर पाणी तापवण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. लंडनच्या घरांत दिव्यांसाठी कोळशाचा गॅस खेळवलेला होताच. (आपल्या मुंबईच्या रस्त्यांवरही १८६५ साली गॅसचे दिवे लागले होते.) मॉनसाहेबांनी विचार केला, की ज्या गॅसवर दिवा लागतो त्यावर आंघोळ का होऊ नये? त्यांच्या यंत्रात खाली गॅस जळे आणि त्याच्या उष्ण वाफाऱ्यातून पाणी खाली येता येता तापे. नळ सोडला की गरम पाणी हजर, साठवण नाही, वाट पाहणं नाही. या अवताराला त्यांनी नाव दिलं ‘गीझर’. हा शब्द आइसलंडचा. तिथे गेसिर नावाचा गरम पाण्याचा नैसर्गिक झरा आहे, जमिनीतून उसळणारा. त्या नावाच्या मुळाशी उसळण्याचाच अर्थ आहे. थोडक्यात, आपण सकाळी ‘गीझर लावा हो’ म्हणतो तेव्हा थोडंसं आइसलँडिक बोलत असतो.

मॉनसाहेबांच्या गीझरमध्ये एकच उणीव होती. त्याला धुरांडं नव्हतं. जळालेला गॅस पाण्याला ऊब देऊन न्हाणीघरातच मुक्कामाला राही. शिवाय आधी पाणी आणि मग गॅस हा क्रम चुकला, तर काय होईल ते यंत्राला ठाऊक नव्हतं. ते यंत्र कशालाच नाही म्हणत नसे. असे लोक आणि अशी यंत्रं पहिल्या भेटीत फार आवडतात.

पुढच्या माणसांनी या यंत्राला हळूहळू नाही म्हणायला शिकवलं. नॉर्वेहून अमेरिकेत पिट्सबर्गला गेलेल्या एडविन रूड या इंजिनियरने १८८९ च्या सुमारास टाकीचा असा हीटर बनवला, की पाणी पुरेसं तापलं की विस्तव आपोआप कमी व्हावा. जर्मनीत ह्यूगो युंकर्स यांनी गॅसमधली उष्णता मोजण्याचं उपकरण केलं आणि १८९५ साली डेसाऊ गावी बंबांचा कारखाना काढला. या प्राध्यापक महाशयांना विमानांचा नाद. १९१५ साली त्यांनी संपूर्ण धातूचं विमान उडवून दाखवलं. त्याच्या खर्चाला गीझरच्या पैशाचा मोठा हातभार होता. लोकांच्या आंघोळीच्या पाण्यावर विमान उडवणारा हा मला माहीत असलेला एकमेव माणूस.

त्याहून जुनी एक युक्ती झेबेक यांची. दोन वेगळे धातू जोडून तो सांधा तापवला की बारीकशी वीज निर्माण होते, हे त्यांनी १८२१ साली दाखवलं. पुढे तीच वीज गॅसच्या झडपेला राखणीला बसवली. ज्योत आहे तोवर वीज, वीज आहे तोवर झडप उघडी. ज्योत विझली की खेळ खलास, गॅस बंद.

पण ज्योत जळत असूनही धोका असतो, आणि तो सगळ्यात लबाड. गॅसला पुरेशी हवा मिळाली नाही की तो अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा हा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग गुडघ्यातलं बळ जातं. दार उघडायला हवं हे कळतं, पण हात कडीपर्यंत पोचत नाही. बंबाचा धूर माणसाला पळवून लावी. हा मात्र त्याला बसवून ठेवतो.

ब्रिटनमध्ये जॉन हॉल्डेन या शास्त्रज्ञाने खाणीतल्या मृत्यूंचा अभ्यास करून सांगितलं, की सोबत उंदीर किंवा लहान पक्षी न्या. इवलासा जीव भराभर श्वास घेतो, म्हणून विष आधी त्याला बाधतं आणि माणसाला पळायला वेळ मिळतो. तेव्हापासून खाणीत कॅनरी पक्षी कामाला लागले ते १९८६ पर्यंत. त्या साली त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक यंत्रं आणायचं ठरलं. त्याच सुमाराला आमच्याकडे बँकांत कॉम्प्युटर येऊ लागले होते. फरक एवढाच, की आमची युनियन होती, कॅनरींची नव्हती.

इथे सुज्ञ वाचक म्हणेल, ‘पण गॅसचा वास येतोच की!’ येतो, पण तो मुद्दाम घातलेला असतो. १९३७ साली अमेरिकेत टेक्ससमधल्या न्यू लंडन गावी एका शाळेच्या तळाशी बिनवासाचा नैसर्गिक गॅस साठून स्फोट झाला. तीनशेच्या आसपास माणसं गेली, बहुतेक मुलं. त्यानंतर गॅसला घाण वास लावायचे कायदे झाले. आपल्या सिलिंडरमध्येही तसलंच द्रव्य असतं. पण हा वास गळणाऱ्या गॅसचा. अर्धवट जळालेल्या गॅसबद्दल तो काहीच बोलत नाही. दर हिवाळ्यात कुठल्या ना कुठल्या गावची बातमी पेपरात येते. न्हाणीघराचं दार आतून बंद, गीझर चालू, आणि बराच वेळ आवाज नाही. अशी बातमी वाचली की माझ्या हातातला चहा निवतो.

हा सगळा इतिहास मी धुंडाळला त्याला निमित्त झालं आमच्या गीझरचं. गेल्या पौषात तो रोज दहाव्या-बाराव्या मिनिटाला विझू लागला. शेजाऱ्यांकडून निदानं फुकट मिळाली. कुणी म्हणालं सेल उतरले, कुणी म्हणालं पाण्याला जोर नाही, कुणी म्हणालं क्षार साचले. तिन्ही कारणं एरवी खरीच असतात. नळ सोडला की पाण्याच्या दाबाने आतला रबरी पडदा सरकतो, त्याने बटण दाबलं जातं, सेलच्या विजेने ठिणगी पडते आणि झडप उघडते. ज्योत लागली की नाही याची खबर एक कांडी देते. सेल मेले, जाळी तुंबली किंवा टाकी फार जवळच्या उंचीवर असली, तर ही साखळी तुटते. सेल बदलणं आणि जाळी धुणं ही कामं घरच्या माणसाची. त्यापुढचं सगळं जाणकाराचं. आम्ही आमची दोन्ही कामं केली. गीझर विझतच राहिला.

मग मेकॅनिक आला. त्याने दार सताड उघडं ठेवून नळ सोडला. गीझर वीस मिनिटं अखंड चालला आणि ठरावीक वेळेला स्वतःहून बंद झाला, शाळा सुटल्यासारखा. डॉक्टर दिसला की ताप उतरतो तो हा प्रकार. दुसऱ्या खेपेलाही तेच. तिसऱ्या खेपेला तो म्हणाला, ‘‘साहेब, हवेचा सेन्सर आहे ना, त्याचाच सगळा त्रास. वायर काढून डायरेक्ट करून देतो. परत विझला तर नाव बदलीन.’’

डायरेक्ट! या एका शब्दावर आपल्या देशातली निम्मी यंत्रं चालतात. मी मात्र आठ दिवसांची नोंदवही पुढे केली. तारीख, कोण आंघोळीला, दार उघडं की बंद, किती मिनिटांनी विझला. दार बंद असल्याखेरीज तो एकदाही विझलेला नव्हता. शेवटी शेवटी ज्योत निळीची पिवळी होते, असाही शेरा होता.

सौ. दारात उभी होती. तिने विचारलं, ‘‘दादा, हा सेन्सर बघतो तरी काय?’’

‘‘प्राणवायू, ताई. हवा कमी झाली की बंद करतो.’’

‘‘अहो, मग सेन्सर कशाला काढायचा? हवाच बघू या की!’’

सगळ्यांनी माना वर केल्या. खिडकीच्या तावदानी पट्ट्यांवर आतून एक गुळगुळीत कागद चिकटवलेला होता. अण्णा शांतपणे म्हणाले, ‘‘मीच लावलाय. पौषातला वारा बरा नव्हे. तुमच्या बँकेचं कॅलेंडर आहे, कागद चांगला जाड असतो.’’

मग मी कागद-पेन्सिल घेऊन अण्णांना खातं समजावलं. चार बाय सहाचं न्हाणीघर, उंची नऊ फूट, म्हणजे २१६ घनफूट, साधारण सहा घनमीटर हवा. ही झाली शिल्लक. सहा लिटरचा गीझर पूर्ण जोरात चालला तर तासाला जवळजवळ किलोभर गॅस खातो, आणि एक किलो गॅस नीट जळायला सुमारे बारा घनमीटर हवा लागते. म्हणजे पंधरा मिनिटांत तीन घनमीटर. खिडकी बंद, जमा शून्य, आणि निम्मी शिल्लक एका आंघोळीत खलास. ज्योत बिघडायला तर सगळी हवा संपावीही लागत नाही.

अण्णा शाळेत गणित शिकवायचे. त्यांनी आकडेमोड दोनदा तपासली, एकही शब्द न बोलता स्टूल मागवलं आणि कॅलेंडर स्वतःच्या हाताने काढलं. दुसऱ्या दिवशी गीझर निमूट चालला. तरी आम्ही आठवड्याभरात तो न्हाणीघरातून काढून बाहेर सज्ज्यात, उघड्या हवेत बसवला. आत आता फक्त गरम पाण्याची नळी येते. खर्च आला, पण हा खर्च मी नफ्यातच धरला आहे.

तेव्हापासून ‘बिघाड’ या शब्दाबद्दल माझं मत बदललं आहे. माझ्या खिडकीवर कुणाचा चेक सही जुळत नाही म्हणून परत जातो, तेव्हा तो गृहस्थ तावातावाने म्हणतो, ‘‘पैसे माझेच आहेत ना? मग अडवता कशाला?’’ आमच्या गीझरलाही आम्ही महिनाभर हेच विचारत होतो. मॉनसाहेबांच्या १८६८ च्या यंत्राने कधी कुणाला अडवलं नसतं. ‘डायरेक्ट’ करणं म्हणजे दीडशे वर्षांचा शहाणपणा पुसून त्या यंत्रापाशी परत जाणं.

त्या मेकॅनिकला मी हे सगळं समजावून सांगितलं. त्याने लक्ष देऊन ऐकलं, मान डोलावली आणि जाताना हळूच विचारलं, ‘‘साहेब, तुमच्याच बँकेत माझं लोनचं काम अडकलंय. ते जरा डायरेक्ट होईल का?’’