अंधाऱ्या घरातली हिरवी पाने

‘कमी उजेडात वाढणारी झाडे’ हा शब्दप्रयोग रोपवाटिकांच्या पाट्यांवर इतका रुळला आहे की त्यातली विसंगती सहसा जाणवत नाही. उजेडावाचून कोणतेही हिरवे झाड वाढत नाही. ज्यांना आपण असे म्हणतो त्यांना अंधाराची आवड असते असे नव्हे. त्यांच्यापैकी बहुतेक मूळची अरण्याच्या तळाशी, मोठ्या वृक्षांच्या पानांतून गाळून आलेल्या उजेडावर गुजराण करणारी आहेत. ती आपल्या घरात का आली, याचा शोध घेऊ लागलो की वनस्पतीशास्त्राइतकेच शहरांच्या इतिहासातही शिरावे लागते.

हा इतिहास मुख्यतः एकोणिसाव्या शतकातल्या लंडनचा आहे. इंग्लंडमध्ये 1696 पासून घराच्या खिडक्या मोजून कर आकारला जाई. अनेक बिऱ्हाडांची इमारत करापुरती एकच घर धरली जात असल्याने मालक खिडक्या विटांनी बुजवून टाकीत आणि आतले भाडेकरू काळोखात राहत. काचेवर स्वतंत्र कर होता, तो 1845 मध्ये उठला. खिडक्यांवरचा कर उठायला 1851 साल उजाडले. दरम्यान दगडी कोळशाच्या धुराने शहराचे आकाशच झाकोळून गेले होते. कर रद्द करता आला, धूर रद्द करता येत नव्हता.

पूर्व लंडनमध्ये, गोदीनजीकच्या वस्तीत राहणारे डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड यांना नेच्यांचा मोठा नाद होता. पण त्या धुरात नेचे जगत नसत. 1829 मध्ये त्यांनी एका पतंगाचा कोश ओलसर मातीसह बाटलीत बंद करून ठेवला. काही दिवसांनी त्या मातीतून एक नेचे आणि एक गवताचे पाते उगवून आले. दिवसा उडालेली वाफ काचेवर थिजून पुन्हा मातीत उतरत होती आणि बाहेरची काजळी आत येत नव्हती. यातून ‘वॉर्डची पेटी’ निर्माण झाली. 1833 मध्ये अशा पेट्यांतली रोपे जहाजावरून सिडनीपर्यंत जिवंत पोहोचली. पुढे रॉबर्ट फॉर्च्यून यांनी याच पेट्यांतून चहाची रोपे चीनमधून हिमालयाच्या पायथ्याशी आणली, हे हिंदुस्थानच्या इतिहासात नोंदलेले आहेच.

वॉर्ड यांनी 1842 मध्ये या प्रयोगांवर पुस्तक लिहिले, त्यात शहरातल्या गरिबांचे जीवन या पेट्यांनी कसे सुधारता येईल याचा स्वतंत्र विचार आहे. वैद्य म्हणून त्यांनी त्या वस्तीतली घरे आतून पाहिलेली होती. प्रत्यक्षात मात्र पेटी सुखवस्तूंच्या दिवाणखान्याचे भूषण झाली आणि साम्राज्याचे साधन बनली. ज्यांच्यासाठी ती योजली होती, त्यांच्या वाट्याला ती फारशी आली नाही.

पेटीवाचून जगेल असे झाड मध्यमवर्गाला वेगळेच सापडले. ते म्हणजे ॲस्पिडिस्ट्रा: रुंद, गडद हिरव्या पानांचे, मूळचे दक्षिण जपानच्या बेटांवरचे. दिवाणखान्यांत तेव्हा कोळशाच्या वायूचे दिवे जळत आणि त्या वायूने इतर झाडांची पाने गळत. या वायूतला एथिलीन हा घटक वनस्पतींवर परिणाम करतो हे नेल्युबोव या रशियन शास्त्रज्ञाने 1901 मध्ये दाखवून दिले. ॲस्पिडिस्ट्रा मात्र वायू, धूळ, थंडी आणि काळोख सारे सोसून उभे राही. इंग्रजांनी त्याला बिडाच्या लोखंडाची उपमा दिली. जॉर्ज ऑर्वेलच्या 1936 मधल्या कादंबरीत त्याचा नायक या झाडाचा इतका द्वेष करतो की त्याच्यावर सिगारेटी विझवतो, कुंडीत मीठ कालवतो; तरी ते मरत नाही. तो द्वेष मुळात झाडाचा नव्हता, झाडाने निमूटपणे मान्य केलेल्या जगण्याचा होता, असे आम्हांस वाटते.

या सोशिकतेचे रहस्य काटकसरीत आहे. सावलीतल्या झाडाचे पान पातळ आणि रुंद असते, त्याचा श्वसनावरचा खर्च थोडा असतो. म्हणून तुटपुंज्या मिळकतीतही त्याचा जमाखर्च जुळतो. भर दुपारी उघड्यावर सुमारे एक लाख लक्स उजेड असतो, तर खिडकीपासून दूरच्या कोपऱ्यात तो शंभर-दोनशेवर येतो. आपले डोळे सरावत असल्याने ही तफावत आपल्याला कळत नाही. मिळकत थोडी तर तहानही थोडी, आणि म्हणूनच अशी झाडे पाण्यावाचून क्वचित मरतात. अतिप्रेमाने घातलेल्या पाण्याने मुळे कुजून मरतात. बोटभर खोलीपर्यंत माती सुकली तरच पाणी द्यावे, पानांवरची धूळ ओल्या फडक्याने पुसावी आणि खताची घाई करू नये. पांढऱ्या-पिवळ्या छटांच्या पानांत हरितद्रव्य कमी असते, म्हणून काळोख्या जागेसाठी पूर्ण हिरव्या पानांची जात निवडावी.

उजेडाचा हा प्रश्न मुंबईलाही चुकला नाही. 1896 मध्ये प्लेगची साथ आली, तेव्हा दाटीवाटीच्या, कोंदट चाळींकडे सरकारचे लक्ष गेले आणि 1898 मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा नियम पुढे आणला. त्याचा आशय असा की समोरची इमारत जितकी उंच, तिच्या निम्मे तरी अंतर मोकळे असावे, म्हणजे तळमजल्यावरच्या खोलीलाही आकाशाचा तुकडा लाभेल. उजेड हा माणसाचा हक्क असून तो कोनमापकाने मोजता येतो, हे त्या नियमाने मान्य केले होते.

आज आपल्याकडे ॲस्पिडिस्ट्राची जागा मनी प्लांटने घेतली आहे. मूळची मोओरेआ या पॅसिफिक बेटावरची ही वेल काचेच्या बाटलीतल्या पाण्यावरही वर्षानुवर्षे तग धरते. तीही सोशीकच. म्हणून असे झाड निवडताना आधी जागा पारखावी: भर दुपारी, दिवा न लावता, त्या कोपऱ्यात वर्तमानपत्र सहज वाचता येते का? येत असेल तर यांपैकी कोणतेही झाड तिथे नांदेल. येत नसेल, तर झाडाला महिन्या-पंधरवड्याने खिडकीशी आणून ठेवता येते. परंतु त्याच कोपऱ्यात कोणी शिवणकाम करीत असेल, कोणी मूल अभ्यासाला बसत असेल, तर प्रश्न झाडाच्या निवडीचा उरत नाही. तो खिडकीचा होतो.