आनुवंशिकतेचें द्रव्य

बाळाचें नाक आजोबांवर गेलें, डोळे मात्र आईचे आले, असे उद्गार प्रत्येक घरांत पाळण्यापाशीं निघत असतात. ते काढणाऱ्या वडीलधाऱ्या मंडळींच्या बोलण्यांत नकळत एक फार मोठा प्रश्न दडलेला असतो. आजोबांचें नाक नातवाकडे येतें, म्हणजे नेमकें काय येतें? प्रत्यक्ष नाक तर येत नाहीं. नाकाची घडण कशी करावी याविषयींची कांहीं तरी आज्ञा येते. ती आज्ञा कोणत्या पदार्थावर लिहिलेली असते? या प्रश्नाचें उत्तर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत मिळालें. नवलाची गोष्ट ही कीं, वंशावळी चाळणाऱ्या विद्वानांना तें मिळालें नाहीं. न्यूमोनियाचे जंतु तपासणाऱ्या वैद्यांच्या हातीं तें लागलें. त्याहून नवलाची गोष्ट ही कीं, तें मिळाल्यावर पुष्कळांनीं तें खरें मानलें नाहीं.

आनुवंशिकतेला नियम आहेत हें ग्रेगोर मेंडेल या मठवासी संशोधकांनीं १८६५ सालीं वाटाण्याच्या रोपांवरून दाखविलें होतें. त्यांचा निबंध दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला आणि १९०० सालीं पुन्हां उजेडांत आला. पुढें अमेरिकेंत टॉमस हंट मॉर्गन व त्यांचे शिष्य यांनीं पिकल्या फळांवर घोंघावणाऱ्या माशीचा अभ्यास केला. आणि मेंडेल यांचे गुणवाहक घटक, म्हणजेच जनुकें, पेशींतील गुणसूत्रांवर माळेंतील मण्यांप्रमाणें ओळीनें बसलेलीं असतात, असें दाखवून दिलें. जनुकांचा पत्ता असा लागला. पण तीं कशाचीं बनलेलीं आहेत, हें कोणालाच ठाऊक नव्हतें.

गुणसूत्राचें पृथक्करण केलें असतां त्यांत मुख्यतः दोन द्रव्यें आढळतात : प्रथिनें आणि एक प्रकारचें आम्ल. हें आम्ल स्विस संशोधक फ्रीड्रिश मीशर यांना १८६९ सालीं जर्मनींतील ट्युबिंगेन येथें प्रथम सांपडलें. शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांच्या टाकून दिलेल्या पट्ट्या ते गोळा करीत आणि त्यांवरील पुवांतील पेशींच्या केंद्रकांतून हें द्रव्य वेगळें काढीत. त्यांचे गुरु होपे-झायलर यांना या शोधाची शंका आली. त्यांनीं शिष्याचें लिखाण परत केलें नाहीं, कीं डोळे मिटून छापलेंहि नाहीं. सारे प्रयोग स्वतःच्या हातांनीं पुन्हां करून पाहिले, खात्री पटली, आणि मगच १८७१ सालीं तें प्रसिद्ध केलें. हा गुरु ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. कारण पुढील सर्व कथा शंकेचीच आहे.

या आम्लाला आज जग डीएनए या संक्षिप्त नांवानें ओळखतें. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभीं त्याची प्रतिष्ठा फारशी नव्हती. प्रथिनें वीस प्रकारच्या घटकांचीं बनलेलीं असतात. त्यांच्या मांडणींतून अगणित रूपें संभवतात. डीएनएमध्यें मात्र अवघे चार घटक. रॉकफेलर संस्थेंतील रसायनशास्त्रज्ञ फीबस लेव्हीन यांचें मत असें होतें कीं, हे चार घटक समप्रमाणांत आणि ठराविक क्रमानेंच पुनःपुन्हां येतात. पाटीवर तींच चार अक्षरें गिरविणाऱ्या मुलानें ग्रंथ लिहावा अशी अपेक्षा कोण करील? सृष्टीची पोथी प्रथिनांतच लिहिलेली असली पाहिजे, अशी बहुतेकांची धारणा होऊन बसली.

१९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथींत जगभर कोट्यवधि माणसें दगावलीं. त्यांतील पुष्कळांचा प्राण शेवटीं न्यूमोनियानें घेतला. या रोगाच्या जंतूंचा अभ्यास साहजिकच निकडीचा झाला. लंडनमध्यें आरोग्य खात्याच्या प्रयोगशाळेंत फ्रेडरिक ग्रिफिथ नांवाचे एक अबोल वैद्यकीय अधिकारी हेंच काम करीत. या जंतूंच्या दोन तऱ्हा आहेत. एका तऱ्हेच्या जंतूवर शर्करेचें जाड, चिकट आवरण असतें. त्याच्या वसाहती कांचेच्या बशींत गुळगुळीत व चकचकीत दिसतात. हा जंतु मारक; कारण आवरणामुळें रक्तांतील रक्षक पेशींना तो सहजासहजीं गिळतां येत नाहीं. दुसऱ्या तऱ्हेचा जंतु आवरण गमावून बसलेला असतो; त्याच्या वसाहती खडबडीत दिसतात, आणि त्यापासून उंदराला अपाय होत नाहीं. शिवाय आवरणाच्या शर्करेवरून या जंतूंचे पहिला, दुसरा, तिसरा असे प्रकार पाडलेले होते. हे प्रकार स्थिर असतात, असा बहुतेक तज्ज्ञांचा समज होता.

ग्रिफिथ यांनीं तिसऱ्या प्रकारचे मारक जंतु उष्णतेनें मारून उंदरांना टोंचले. उंदीर जगले. मग दुसऱ्या प्रकारापासून निघालेले, आवरण गमावलेले जिवंत जंतु टोंचले. तरीहि उंदीर जगले. शेवटीं दोन्ही एकत्र करून टोंचले, आणि उंदीर मेले. त्यांच्या रक्तांत सांपडले ते जिवंत, आवरणधारी आणि तिसऱ्या प्रकारचे जंतु! मेलेले जंतु पुन्हां उठले म्हणावें, तर एकटे टोंचले असतां ते उठले नव्हते. निरुपद्रवी जंतूंनीं आपलें गमावलेलें आवरण परत मिळविलें म्हणावें, तर तें दुसऱ्या प्रकारचें असावयास हवें होतें. अर्थ एकच निघत होता. मेलेल्यांजवळचें कांहीं तरी जिवंतांनीं उचललें होतें, आणि तें त्यांच्या पुढील पिढ्यांतहि उतरत होतें. १९२८ सालीं ग्रिफिथ यांनीं हें प्रसिद्ध केलें. तें द्रव्य कोणतें, हें कळण्यापूर्वींच, १९४१ सालीं, लंडनवरील बाँबहल्ल्यांत त्यांचा अंत झाला.

न्यूयॉर्क येथील रॉकफेलर संस्थेच्या रुग्णालयांत ऑस्वल्ड एव्हरी हे १९१३ पासून न्यूमोनियाच्याच मागें लागले होते. १८७७ सालीं कॅनडांतील हॅलिफॅक्स येथें एका धर्मोपदेशकाच्या घरीं त्यांचा जन्म झाला. अंगानें किरकोळ, राहणीनें साधे आणि आयुष्यभर अविवाहित असे हे गृहस्थ प्रयोगशाळेबाहेर फारसे कोठें दिसत नसत. जंतूचें आवरण शर्करेचें असतें हें त्यांनीं मायकेल हायडेलबर्गर यांच्या साहाय्यानें १९२३ सालीं दाखविलें होतें. जंतूंचे प्रकार स्थिर असतात, या गृहीतावर त्यांच्या कित्येक वर्षांच्या कामाची उभारणी झालेली होती. म्हणून ग्रिफिथ यांच्या प्रयोगावर त्यांचा विश्वास बसला नाहीं. कोठें तरी भेसळ झाली असावी, असें त्यांना वाटलें.

येथपर्यंत एव्हरी इतरांसारखेच होते. वेगळेपण पुढेंच आहे. त्यांच्या प्रयोगशाळेंतील मार्टिन डॉसन यांनीं तो प्रयोग पुन्हां केला, आणि तो खरा ठरला. डॉसन व रिचर्ड सिया यांनीं १९३१ सालीं तेंच रूपांतर उंदराशिवाय, नुसत्या कांचनळींत घडवून आणलें. त्यानंतर लायोनेल ॲलोवे यांनीं मारक जंतु फोडून त्यांचा गाळीव अर्क वापरला. ज्यांत एकहि पेशी नाहीं, असा तो अर्कहि तेंच काम करी. आतां शंका घेण्यास जागा उरली नव्हती. हातच्या पुराव्यापुढें एव्हरी यांनीं आपलें जुनें मत सोडलें, आणि पुढील दहा वर्षें त्या अर्कांतील रूपांतरक द्रव्य कोणतें, या एका प्रश्नाचा पाठलाग केला. या कामीं प्रथम कॉलिन मॅक्लाउड व १९४१ पासून मॅक्लिन मॅकार्टी हे तरुण वैद्य त्यांच्या जोडीला होते.

काम किती चिकाटीचें होतें, हें एका आकड्यावरून कळतें. ७५ लिटर द्रवांत वाढविलेल्या जंतूंपासून शेवटीं हातीं येणारें शुद्ध द्रव्य असे अवघें १० ते २५ मिलिग्रॅम. जंतु गोळा करावयाचे, उष्णतेनें मारावयाचे, धुवावयाचे. अर्क काढून तो क्लोरोफॉर्ममध्यें घुसळून प्रथिनें काढून टाकावयाचीं. आवरणाची शर्करा नाहींशी करावयाची. आणि शेवटीं मद्यार्क घालून ढवळावयाचें. मग पांढऱ्या रेशमासारखे तंतु कांचेच्या दांडीभोंवतीं गुंडाळले जात. या तंतूंचें सामर्थ्य असें कीं, ६० कोटी भागांत एक भाग इतकें पातळ केलें तरी तें जंतूंचें रूपांतर करी.

नंतर त्या द्रव्याची एकेका एन्झाइमनें, म्हणजे विशिष्ट पदार्थांचेंच विघटन करणाऱ्या द्रव्यानें, परीक्षा झाली. प्रथिनें पचविणारें एन्झाइम घातलें. रूपांतरशक्ति कायम राहिली. आवरणाची शर्करा तोडणारें घातलें, तरी कायम. डीएनएच्या भावंडासारखें जें आरएनए, त्याचा नाश करणारें घातलें, तरीहि कायम. परंतु डीएनए तोडणारें एन्झाइम मिसळलें, आणि शक्ति लोपली.

१९४३ च्या मे महिन्यांत एव्हरी यांनीं आपले बंधु रॉय यांना लांबलचक पत्र लिहिलें. हें द्रव्य जनुकासारखें असूं शकेल, असें त्यांत सुचविलें. आणि त्याबरोबरच हेंहि लिहिलें कीं, बुडबुडे उडविण्यांत मौज असली तरी दुसऱ्यानें फोडण्यापूर्वीं ते आपणच टोंचून पाहणें शहाणपणाचें. १ फेब्रुवारी १९४४ रोजीं तिघांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्या वेळीं एव्हरी यांचें वय सहासष्ट वर्षांचें होतें. ज्या वयांत माणसें विश्रांति घेतात, त्या वयांत त्यांनीं जीवशास्त्राचा पाया हलविला. तरीहि निबंधाच्या शेवटीं त्यांनीं नम्रपणें नमूद केलें कीं, डीएनएला चिकटून राहिलेल्या दुसऱ्या एखाद्या द्रव्याच्या सूक्ष्म अंशाचें हें काम असण्याचाहि संभव आहे.

विरोधकांनीं नेमकें हेंच बोट धरलें. त्याच संस्थेंतील आल्फ्रेड मिर्स्की यांचें म्हणणें असें कीं, कितीहि शुद्ध केलें तरी शेंकडा एकदोन भाग प्रथिन राहूं शकतें, आणि तेंच गुणवाहक असेल. ही शंका अगदींच निराधार नव्हती. मॅकार्टी यांनीं तिचा मान राखला. डीएनए तोडणारें एन्झाइम अधिक शुद्ध करून, त्याच्या सूक्ष्म अंशानेंहि रूपांतरशक्ति नष्ट होते, हें १९४६ सालीं दाखविलें. परंतु इतर पुष्कळांनीं तीच शंका कांहीं प्रयोग न करतां वर्षानुवर्षें उराशीं बाळगली. चार अक्षरांच्या पाटीवर पोथी असेल, हें त्यांच्या मनाला मानवतच नव्हतें.

ज्यांनीं निबंध मन लावून वाचला, त्यांच्यापैकीं एक अर्विन चारगाफ. त्यांनीं आपल्या कामाचा रोखच बदलला आणि निरनिराळ्या प्राण्यांच्या डीएनएचें मोजमाप केलें. चार घटकांचें प्रमाण जातिपरत्वें बदलतें, असें आढळलें. म्हणजे लेव्हीन यांची कल्पना कोसळली. शिवाय ॲडेनिन जितकें तितकेंच थायमिन, आणि ग्वानिन जितकें तितकेंच सायटोसिन, असा नियम १९५० पर्यंत पुढें आला. १९५२ सालीं आल्फ्रेड हर्षी व मार्था चेस यांनीं जंतूंना ग्रासणाऱ्या विषाणूंचें प्रथिन आणि डीएनए यांवर वेगवेगळ्या किरणोत्सर्गी खुणा केल्या. विषाणु चिकटलेले जंतु त्यांनीं स्वयंपाकघरांतील घुसळणयंत्रांत घुसळले, तेव्हां प्रथिन बहुतांशीं बाहेर राहतें आणि डीएनए आंत शिरतें, असें दिसून आलें. यांतील प्रथिनाची भेसळ एव्हरी यांच्या द्रव्यांतील भेसळीहून अधिकच होती. तरी या प्रयोगावर लोकांचा विश्वास चटकन बसला. आठ वर्षांत पुराव्याचें वजन वाढलें होतें हें खरें. पण मनेंहि तयार झालीं होतीं, हें विसरतां येत नाहीं.

२५ एप्रिल १९५३ रोजीं जेम्स वॉटसन व फ्रान्सिस क्रिक यांनीं डीएनएची रचना प्रसिद्ध केली. तिला रोझालिंड फ्रँकलिन यांनीं घेतलेल्या क्ष-किरण छायाचित्रांचा मोठा आधार होता. पीळ दिलेल्या शिडीसारखे दोन धागे, आणि प्रत्येक पायरीवर चारगाफ यांच्या जोड्या : ॲडेनिनसमोर थायमिन, ग्वानिनसमोर सायटोसिन. धागे सुटे झाले कीं एकावरून दुसरा तंतोतंत लिहितां येतो. पेशी दुभंगतांना आज्ञेची नक्कल होते ती अशी. चार अक्षरांचा क्रम ठराविक नसून हवा तसा लांबविता येतो, म्हणून पोथीला मर्यादा नाहीं. तीनतीन अक्षरांच्या शब्दांनीं प्रथिनाचा एकेक घटक सांगितला जातो, हें पुढें उलगडलें. त्या कार्याबद्दल हरगोविंद खोराना हे १९६८ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी झाले. ग्रिफिथ यांचें कोडेंहि सुटलें. मेलेल्या जंतूंच्या डीएनएचा एक तुकडा, शर्करेचें आवरण कसें विणावें ही आज्ञा घेऊन, जिवंत जंतूंत शिरला आणि तेथील गुणसूत्रांत सामावला होता.

त्या आवरणाचीहि गोष्ट वायां गेली नाहीं. शर्करेला प्रथिनाची जोड दिल्यास शरीराची प्रतिकारशक्ति चांगली जागी होते, हें एव्हरी व वॉल्थर गोबेल यांनीं १९३० च्या सुमारास दाखविलें होतें. न्यूमोकॉकस जंतूविरुद्ध आज बालकांना दिल्या जाणाऱ्या लशी याच तत्त्वावर बनतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची अशीच एक लस डिसेंबर २०२० मध्यें भारतांत वापरासाठीं सादर झाली.

एव्हरी यांना नोबेल पारितोषिक मिळालें नाहीं. त्यांचें नांव अनेकदां सुचविलें गेलें होतें, एवढेंच. १९४८ सालीं ते न्यूयॉर्क सोडून नॅशव्हिल येथें बंधूंच्या सान्निध्यांत राहावयास गेले आणि २० फेब्रुवारी १९५५ रोजीं तेथेंच निवर्तले. त्यांच्यावर शंका घेणारे थोडे नव्हते. पण सर्वांत कठोर शंकेखोर ते स्वतःच होते, आणि त्यांची शंका प्रत्येक वेळीं प्रयोगशाळेच्या टेबलावर उतरली. जी शंका हाताला कामाला लावते तिच्यापासून ज्ञान वाढतें. जी नुसती मनांत मुक्काम करते ती ज्ञानाची वाट अडविते. पाळण्यापाशीं आजोबांचें नाक ओळखणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या प्रश्नाला उत्तर मिळालें, तें पहिल्या जातीच्या शंकेमुळें.