कार्विन जेम्स : भाषेचे अध्यापक, रग्बीचे गुरू

वेल्समधील केव्हनेइथिन या खाणकामगारांच्या खेड्यात २ नोव्हेंबर १९२९ रोजी कार्विन जेम्स यांचा जन्म झाला. वडील कोळशाच्या खाणीत राबत. घरची भाषा वेल्श. शेजारच्या बलाढ्य इंग्रजीपुढे ही भाषा मागे पडत होती. जेम्स यांनी अ‍ॅबरिस्टविथ येथे तिचाच उच्च अभ्यास केला आणि पुढे लँडव्हरी येथील शाळेत तीच शिकवली. नौदलातील सक्तीच्या सेवेत ते रशियनही शिकले.

लानेली क्लबकडून ते फ्लाय-हाफ म्हणून खेळत. त्याच जागी क्लिफ मॉर्गन यांच्यासारखा असामान्य खेळाडू असल्याने वेल्सकडून त्यांना १९५८ मध्ये अवघे दोन सामने लाभले. खेळाडू म्हणून जे हुकले, ते त्यांनी प्रशिक्षक म्हणून मिळवले.

१९७१ मध्ये ब्रिटन व आयर्लंडचा संयुक्त ‘लायन्स’ संघ त्यांच्या मार्गदर्शनाखाली न्यूझीलंडला गेला. तेथे या संघाने पूर्वी कधीही कसोटी मालिका जिंकली नव्हती. जेम्स हुकूम सोडत नसत. खेळाडूंना विचारत, ऐकत आणि मग ठरवत. स्क्रमची बांधणी करताना त्यांनी रे मॅक्लॉक्लिन या आयरिश खेळाडूच्या जाणकारीवर विसंबण्यात कमीपणा मानला नाही. ड्युनेडिनच्या पहिल्या कसोटीत त्यांच्याच गावच्या बॅरी जॉन यांनी कोपऱ्यांत अचूक किक मारून यजमानांच्या फुलबॅकला सतत पळवले. तो सामना ९-३ असा जिंकला गेला. दुसरा गमावला, तिसरा जिंकला, चौथा १४-१४ असा बरोबरीत सुटला आणि मालिका हाती आली.

३१ ऑक्टोबर १९७२ रोजी त्यांच्या लानेली संघाने न्यूझीलंडच्या ‘ऑल ब्लॅक्स’ना ९-३ असे नमवले. तरीही वेल्सच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षकपद त्यांच्याकडे आले नाही. संघनिवडीत प्रशिक्षकाचा शब्द निर्णायक असावा, हा त्यांचा आग्रह होता. तो मान्य होणार नाही हे ओळखून १९७४ मध्ये त्यांनी आपला अर्ज मागे घेतला. पुढे इटलीतील रोव्हिगो संघाला त्यांनी राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. जानेवारी १९८३ मध्ये अ‍ॅमस्टरडॅम येथे, वयाच्या अवघ्या ५३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

१९७१ नंतर लायन्सना न्यूझीलंडमध्ये पुन्हा मालिका जिंकता आलेली नाही. तो एकमेव विजय घडवणारे गुरू पेशाने मातृभाषेचे अध्यापक होते.